चेन सॉ वापरताय? या चुका टाळा, आणि आधी एक कानस विकत घ्या

जूनमधलं पहिलं वादळ झालं की वडोदऱ्यात भायली-सेवासीपासून वाघोडियापर्यंत कुठे ना कुठे एखादा गुलमोहर आडवा होतो आणि लगेच माझ्या दुरुस्तीच्या गाळ्यावर चेन सॉ, म्हणजे पेट्रोलवरच्या साखळी-करवती, यायला लागतात. तक्रार ठरलेली. गुजराती गिऱ्हाईक म्हणतं, "मशीनमां पावर नथी." दांडिया बाजारातले काका म्हणतात, "पिकअप गेलाय हो हिचा, कार्बोरेटर बघा जरा." कार्बोरेटर मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी चेन बघतो. बहुतेक वेळा दात आजोबांच्या हिरड्यांसारखे झालेले असतात आणि इंजिन बिचारं ठणठणीत असतं.

बोथट चेन आणि दांडगाई

चेनला धार आहे की नाही हे कळायला खाली काय पडतंय तेवढं बघा. जाडसर ढलप्या पडत असतील तर धार आहे. ओल्या लाकडातून बारीक भुसा उडत असेल तर धार गेली. धार असलेली चेन आपणहून लाकडात ओढली जाते, वरून करवतीचं वजन पुरतं. हाताने दाबावं लागलं की थांबायचं. पण थांबतं कोण! नवशिका असला की गुडघा लावतो.

भायलीच्या एका फार्महाऊसवर कडुनिंब कंपाउंडच्या भिंतीवर पडला. मालक, त्यांचे साडू आणि माळी असे तिघे कामाला लागले. रस्त्याकडेचं झाड, खोडावर कधीकाळी क्लासेसच्या पाट्या ठोकलेल्या. पाटी गेली तरी खिळा आत राहतो आणि वरून साल चढते. पहिल्याच ओंडक्यात ठिणग्या उडाल्या. तिथेच बंद करून दात बघायचे, तर यांनी जोर वाढवला. खिळ्याने एका बाजूचे दात खाल्ले होते, त्यामुळे काप वाकडा जायला लागला. वाकडा जातो म्हणून करवत पिळून सरळ करायचा प्रयत्न झाला. धूर निघायला लागला तेव्हा माळ्याने बारवर, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीवर, बादलीने पाणी ओतलं. मग साडूंनी ठरवलं की दोष कार्बोरेटरचा आहे, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन दिसेल तो स्क्रू फिरवला. माझ्याकडे करवत आली तेव्हा बार निळा पडलेला, चेन गेलेली, क्लच जळकट वास मारत होता आणि इंजिन आयडलला, म्हणजे वेग न देता, टिकत नव्हतं. एवढं सगळं एका खिळ्याने आणि तीन माणसांच्या घाईने. कानस सेव-उसळीच्या दोन प्लेटींच्या पैशात येते, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले. बिल बघून हसले नाहीत.

दाबून कापण्यात मशीनचं नुकसान होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे ओंडका सुटतो तेव्हा तुमचं सगळं वजन करवतीवर असतं. काप संपतो, आधार जातो, आणि चालू चेनसकट माणूस पुढे झुकतो. मांडीवरच्या जखमा अशाच होतात.

धार लावायची माझी सवय अशी. पेट्रोल भरायला थांबलो की इंजिन बंद, हातमोजे घातलेले, बार ओंडक्यावर घट्ट टेकवलेला. पहिल्या दाताला मार्करने खूण करायची, म्हणजे कुठून सुरू केलं ते कळतं. प्रत्येक दाताला गोल कानशीचे दोन-तीन हात, आतून बाहेर, एकाच दिशेने. मागे आणताना कानस उचलायची. पुढे-मागे घासणारे लोक कानस आणि दात दोन्ही मारतात. बहुतेक चेनवर वरच्या पात्याचा कोन ३० अंश असतो आणि बऱ्याच दातांवर त्याची रेघ कोरलेली असते. कानशीची जाडी चेनच्या मापावर ठरते: छोट्या करवतींच्या तीन-अष्टमांश इंची लो-प्रोफाइल (बुटक्या दातांच्या) चेनला ४ मिलिमीटर, पॉइंट ३२५ इंचीला ४.८. आपली कोणती ते पुस्तिकेत किंवा चेनच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. दुकानदाराला "कोई भी दे दो" म्हणू नका. डावीकडचे आणि उजवीकडचे दात सारख्या लांबीचे राहिले पाहिजेत, नाहीतर तोच वाकडा काप.

आता जी गोष्ट जवळपास कोणीच करत नाही ती. दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, डेप्थ गेज. दात किती जाड ढलपी उचलणार हे तो ठरवतो. आपण वापरतो तो दात अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून काढला. त्याआधीच्या चेन लाकूड नुसतं ओरबाडायच्या, याने ते बाजूने कापून खालून उचलायला लावलं. दाताचा माथा मागे उतरता असतो, म्हणून घासत गेलं की दात बुटका होतो आणि गेज त्याच्या बरोबरीला येतो. मग धार कितीही लावा, दात लाकडाला पोचतच नाही. साधारण ०.६५ मिलिमीटरचा फरक लागतो. पाच-सहा वेळा धार लावली की मापाची पट्टी ठेवून सपाट कानशीने गेज उतरवायचा. काही हुशार लोक "जास्त चावू दे" म्हणून गेज भसाभस खाली घेतात. अशी करवत लाकूड पकडून उसळते. असली चेन मी दुरुस्त करत नाही, फेकतो.

बारचं टोक

होळीच्या आधीच्या दिवसांत लाकडं कापायला शहरात उसन्या करवती फिरतात. एका पोळमध्ये, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत, पोरं वाळक्या फांद्यांचा ढीग कापत होती. ढिगात टोक घातलं, मागे न दिसणाऱ्या फांदीला ते लागलं, आणि करवत उसळून चालवणाऱ्याच्या खांद्यावर आली. टाके पडले, हाड वाचलं. नंतर तीच करवत माझ्याकडे आली, "सुरू होत नाही" म्हणून. बघतो तर पुढचा हँडगार्ड गायब.

"कुठे गेला?"

"फांद्यांमध्ये अडकायचा काका, म्हणून काढून ठेवलाय."

तो हँडगार्ड म्हणजे चेन ब्रेकचा दांडा आहे. करवत उसळली की मनगट त्यावर आपटतं, किंवा झटक्यानेच तो पुढे पडतो, आणि चेन थांबते. चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळत असते. उसळी दिसली आणि मग हात मागे घेतला, असं घडूच शकत नाही. टोकाच्या वरच्या पाव भागात चेन पुढे जाऊन खाली वळते. तिथे दात अडकला तर चेन पुढे जाऊ शकत नाही, आणि तो सगळा जोर बारला वर आणि तुमच्याकडे फेकतो. ताकदवान माणसालाही ही उसळी आवरत नाही. पोरांना वाटतं, दंड भरले की झालं.

म्हणून टोक कुठे आहे हे कायम नजरेत पाहिजे. ढिगातल्या फांद्या आधी ओढून मोकळ्या करा. डावा अंगठा पुढच्या हँडलच्या खालून वळलेला हवा, वर टेकवलेला नको. डोकं आणि मान बारच्या रेषेत ठेवू नका, थोडं डावीकडे उभे राहा. लाकडाला लावायच्या आधी चेन पूर्ण वेगात हवी. खांद्याच्या वर करवत नेऊ नका, शिडीवर तर अजिबात चढू नका. उंचावरची फांदी कापायला दोर बांधून चढणारी माणसं मिळतात, त्यांना पैसे द्या. रोज काम सुरू करताना ब्रेक तपासा: करवत जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर, थोडा वेग देऊन मनगटाने गार्ड पुढे ढकला. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. गार्ड नसलेली करवत मी गार्ड बसवल्याशिवाय परत देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही ओरडू दे.

याच कारणाने पहिल्याच खरेदीत २२ इंची बारवाली करवत घेणाऱ्यांवर माझा राग आहे. बंगल्याच्या आवारातल्या फांद्यांना १४-१६ इंच पुष्कळ. लांब बारचं टोक तुमच्या नजरेआड असतं.

बाकीचं पटापट

चेन उलटी बसवू नका. बारच्या वरच्या बाजूला दाताची धार टोकाकडे हवी. हसू नका, नवी करवत "कापतच नाही" म्हणून आणणारे दर हंगामात असतात.

ताण बघताना बारचं टोक वर उचलून धरा आणि मगच नट आवळा. चेन हाताने सहज फिरली पाहिजे, पण खाली लोंबता कामा नये. गरम चेन आवळली असेल तर काम संपल्यावर सैल करा, गार होताना ती आखडते.

एका हाताने करवत हवेत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढणं सिनेमात शोभतं. जमिनीवर ठेवा, ब्रेक लावा, मागच्या हँडलमध्ये उजवा पाय, पुढच्यावर डावा हात, मग दोरी. चोक ओढून पहिला खोकला आला की चोक अर्ध्यावर. चोक तसाच ठेवून ओढत राहिलात तर प्लग भिजणार, मग तो काढून पुसून, परत बसवायच्या आधी काही वेळा दोरी ओढावी लागते.

बारला गाडीचं जळकं तेल घालू नका. त्यातल्या धातूच्या कणांनी तेलाचा पंप खराब होतो. तेल येतंय का ते बघायला टोक एखाद्या फिक्या ओंडक्याजवळ धरून वेग द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

उत्तरायणानंतर झाडं मांज्याने भरलेली असतात. तो क्लचमागे गुंडाळला जातो आणि नायलॉनची चायनीज दोरी तर तिथेच वितळून बसते. आधी दोरी काढा. वडाचा चीक चेनवर वाळू देऊ नका, त्याच दिवशी पुसा.

ओढणी, मफलर, लुंगी, चप्पल: नाही. चेहऱ्याला जाळी, कानाला मफ, पायात बूट. कटप्रूफ पँटमध्ये मे महिन्यात घाम येतो, मान्य. पण चेन लागली की तिच्यातले धागे स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंतून चेन थांबवतात.

पडलेल्या झाडाच्या वाकलेल्या फांदीत ताण असतो. दबलेल्या बाजूने आधी थोडा काप, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलंत तर बार अडकेल किंवा फांदी फाटून तोंडावर येईल. आणि झाड तारांवर पडलं असेल तर वीज कंपनीला फोन करून घरात बसा. उभं झाड पाडायचं असेल तर आधी महापालिकेची परवानगी काढा, आणि ते काम या लेखावर शिकू नका.

पेट्रोल आणि ते स्क्रू

करवतीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला स्वतःच्या तेलाची वेगळी टाकी नसते, बारच्या तेलाची टाकी वेगळी. पिस्टनला मिळतं ते पेट्रोलमध्ये कालवलेलं टू-टी तेलच. नुसतं पेट्रोल घातलं तर काही मिनिटांत पिस्टन चिकटतो, आणि ती दुरुस्ती नव्या करवतीच्या निम्म्यात जाते. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, २५:१ म्हणजे ४०. तुमच्या करवतीचं प्रमाण पुस्तिकेत बघा. वेगळ्या कॅनमध्ये कालवा, टाकीत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचा पडदा कडक करतं. म्हणून महिन्याभरापेक्षा जुनं मिश्रण वापरू नका. करवत ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून, उरलेलं संपेपर्यंत इंजिन चालवून ठेवा. दिवाळीत ठेवलेली करवत जूनमध्ये सुरू होत नाही ती यामुळेच.

एअर फिल्टर रोज झटका, आपल्याकडची धूळ माहीतच आहे. प्लगमधली फट ०.५ मिलिमीटर. आणि कार्बोरेटरच्या तीन स्क्रूंपैकी फक्त आयडलच्या स्क्रूला हात लावा, तोही तेव्हाच, जेव्हा वेग न देता चेन फिरत असेल. स्क्रू उलटा फिरवून वेग कमी करा. इंजिन बंद पडायच्या बेताला आलं तरी चेन फिरतच असेल तर क्लचची स्प्रिंग गेली. ती बदलेपर्यंत करवत वापरायची नाही.