पहिल्या हिवाळ्यात घरात मेथी, कोथिंबीर, मिरची

थंड देशात नव्याने आलेली मंडळी हमखास कुंडी हीटरजवळ नेऊन ठेवतात. खरं तर हीटिंग चालू असलेल्या घरात १८ ते २२ अंश सहज मिळतात आणि पालेभाजीला तेवढं पुरतं. कमी पडतो तो उजेड. दिवस आठ-नऊ तासांचा, त्यातही ढग. आपल्याला खिडकी लख्ख वाटते, पण रोपांचे देठ सुतासारखे लांबतात, पानं फिकी पडतात आणि सगळी रोपं काचेकडे कलतात. म्हणून बियांच्या आधी दिवा घ्या.

दिवा पांढराच घ्या, ४००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) एलईडी. गुलाबी-जांभळ्या दिव्याखाली रोपं वाढतात, पण पान पिवळं पडलंय की कीड लागलीय हे कळत नाही. ६० बाय ३० सेंटीमीटरच्या ट्रेला २० ते ३० वॅटचा पट्टीसारखा दिवा पुरतो. हे वॅट प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या विजेचे. खोक्यावरचा ‘अमुक वॅटच्या तोडीचा’ हा आकडा धरू नका. पानांपासून १५ ते ३० सेंटीमीटर वर टांगा, टायमरवर १४ तास लावा. वरची पानं पांढरट पडू लागली तर दिवा थोडा वर घ्या.

बागेतली माती घरात आणू नका. कुंडीत ती दगडासारखी बसते आणि सोबत किडेही येतात. त्याऐवजी मिश्रण करा: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, कंपोस्ट एक, परलाइट (हलके पांढरे खडे) एक. ट्रे १२-१५ सेंटीमीटर खोल, तळाला भोकं हवीतच.

सुरुवात मेथीने करा. दाणे रात्रभर भिजवून दाट पेरा, वर सेंटीमीटरभर मिश्रण. तीन-चार दिवसांत कोंब, साधारण चार आठवड्यांत काढणी. कोथिंबिरीला धीर हवा. धने हलके रगडून दोन फाकी करा (चुरा नको), रात्रभर भिजवा. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. मसाल्याच्या डब्यातले धने जुने असू शकतात, म्हणून दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून आधी तपासा. रोपं उपटून दुसरीकडे लावू नका, मुळं दुखावतात. दर दोन-तीन आठवड्यांनी नवा ट्रे पेरला की खंड पडत नाही.

घरातली रोपं सर्वांत जास्त मरतात ती पाण्याने. हिवाळ्यात वाढ मंद, पाणी कमी लागतं. बोट दोन सेंटीमीटर खुपसा. कोरडं लागलं तरच घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका. कोवळी रोपं मातीलगत बारीक होऊन लवंडू लागली, तर ती बुरशी. लवंडलेलं रोप वाचत नाही. बाकीच्यांसाठी पाणी थांबवा, दाटी विरळ करा, छोटा पंखा मंद लावा. मातीवर बारीक काळ्या माश्या घोंगावतात त्याही सततच्या ओलीमुळेच. वरचा थर वाळू द्या, पिवळे चिकट कागद लावा.

मिरची पहिल्याच वर्षी नको, असं आमचं मत. तरी लावायचीच असेल तर उगवणीला २५ ते २८ अंश हवेत, म्हणजे ट्रेखाली हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई). घरात वारा नाही, म्हणून फुलं आल्यावर रोज झाड हलकेच हलवा, नाहीतर फुलं गळतात. हीटिंगच्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड) होतो. आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू पाण्याने धुवा.

आणि रात्री पडदा ओढताना कुंडी पडद्याच्या आत, खोलीच्या बाजूला घ्या. काच आणि पडदा यांच्यामधल्या फटीत पहाटे कडाक्याची थंडी साठते.