लाकूड कोरायला चाकू कोणता घ्यावा

चाकू निवडताना आधी काप ठरवा. बाहेरून तासायचं, सपाट फळीवर नक्षी खणायची की आतून पोकळ करायचं, या तीन कामांना पाती तीन लागतात. एकाचं काम दुसऱ्यावर लादलं की लाकूड तरी फाटतं, नाहीतर बोट कापतं. म्हणूनच दहा-बारा नगांच्या सेटपेक्षा आपल्या कामाचा एकच चांगला चाकू घ्यावा.

बाहेरून तासायला पहिला चाकू सरळ धारेचा. पातं साधारण 60 ते 80 मिमी लांब आणि पाठीकडे 2.5 ते 3 मिमी जाड असावं. लहान मूर्ती, खेळणी यांना आखूड पातंच बरं. लांब पात्याचं टोक नको तिथे जाऊन टोचतं. स्वयंपाकघरातली सुरी पातळ असते, जोर दिला की लवते आणि काप भरकटतो. तुकडे मोडत वापरायचा कटर तर नकोच. त्याच्या पात्यावर मोडण्यासाठीच खाचा पाडलेल्या असतात. आडवा जोर आला की तिथेच तुटून तुकडा उडतो.

भौमितिक नक्षीसाठी पातं 30-40 मिमी पुरे, पण टोक अणकुचीदार आणि धार पातळ हवी. ते फळीशी साधारण 65 अंशांत तिरपं धरून दोन-तीन काप असे घ्यायचे की तळाशी एकमेकांना भेटतील आणि ढलपी अखंड सुटेल. ती उचकटून काढू नका, टोक तिथेच मोडतं.

चमचा किंवा वाटी पोखरायला आकडीसारखं वळलेलं पातं लागतं. चमच्याला वळण घट्ट, वाटीला पसरट. उजव्या आणि डाव्या हाताचं वेगळं मिळतं, मागवताना नीट पाहा. दोन्हीकडे धार असलेलं नवशिक्याने घेऊ नये, कारण पाठीवर अंगठा टेकवून जोर देता येत नाही.

लाकूडही चाकूला साजेसं हवं. सावंतवाडीच्या खेळण्यांना पूर्वापार वापरला जाणारा पांगारा किंवा शिवण हाताला सोपं जातं. सागात सिलिका असते, त्याने धार लवकर बोथट होते. वाळलेल्या शिसवावर चाकूने झगडण्यात अर्थ नाही. तिथे पटाशी आणि लाकडी हातोडाच घ्या.

नवा चाकू हातात आला की धार उजेडात धरा. पातं धारेकडे निमुळतं होत जातं तो मूळ उतार; त्याच्या कडेला बारीक चकाकती रेघ दिसली तर तो दुसरा, जाड उतार आहे. त्याने चाकू लाकडात न शिरता वर घसरतो. मूळ उतारावर मार्करने रंग फासून 1000 ग्रिटच्या (आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडावर घासा. रंग कडेपर्यंत सारखा निघाला म्हणजे कोन बरोबर बसला. मग 3000 चा दगड, शेवटी पॉलिश लावलेला चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर चाकू नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचा, नाहीतर चामडंच कापलं जातं. वळलेल्या पात्याला गोल काठीवर गुंडाळलेला वॉटर पेपर: 600, 1000, 2000.

आता मऊ लाकडाच्या आडव्या छेदावर एक काप घ्या. पृष्ठभाग गुळगुळीत चकाकला तर धार झाली. त्यावर पांढरी रेघ उमटली तर त्या जागी धारेला खांडा आहे. पुन्हा दगडावर जा. काम चालू असताना दर अर्ध्या तासाने पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा हात मारा. बोथट चाकूला जोर जास्त लागतो, आणि तो निसटला की तोच जोर हातावर येतो.

कोकणातल्या पावसात कार्बन स्टील एका रात्रीत गंजू शकतं. पुसून तेलाचा हात लावा आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं.