सगळे कोअर कामाला लावून डेटा कॉम्प्रेस कसा करावा

‘थ्रेड आठ करा, काम आठपट वेगाने होईल’ (थ्रेड म्हणजे प्रोग्रामने एकाच वेळी चालवलेल्या कामांतला एक धागा) असा सल्ला देणाऱ्याने सिस्टिम मॉनिटर उघडून क्वचितच पाहिलेलं असतं. आठांतले सहा कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) रिकामे, रॅम तुडुंब, आणि तयार झालेली फाइल एका थ्रेडवर झाली असती त्यापेक्षा मोठी, असा निकाल या सल्ल्याने सहज लागतो. एकही बिट न गमावता डेटा दाबायचा आणि सगळे कोअर खरोखर राबवायचे, तर थ्रेडचा आकडा ही शेवटी ठरवायची गोष्ट आहे.

उदाहरणादाखल फोंड्याकडच्या एखाद्या देवस्थानचं दफ्तर घ्या: जुन्या वह्यांचे टिफ स्कॅन, उत्सवातल्या भजनांची वेव्ह रेकॉर्डिंग आणि हिशेबाच्या डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदी एका फाइलीत उतरवलेली प्रत. डिस्कवर पुरेशी जागा आहे आणि लिनक्स बसवलेलं आहे, हे गृहीत धरतो. पर्यायांची अक्षरं टर्मिनलवर रोमनमध्येच टाइप करायची, हे सांगायला नको.

जेपेग, एमपी-फोर, डॉक्स यांना हात लावू नका; ती आधीच दाबलेली असतात. वेव्ह फाइलींना झिप किंवा एक्सझेड लावणं म्हणजे वीज फुकट घालवणं. त्यांच्यासाठी आवाजाकरताच बनवलेलं फ्लॅक आहे, आणि २०२५ मध्ये आलेल्या १.५ आवृत्तीपासून ते एकाच फाइलवर अनेक थ्रेड लावू शकतं. टिफच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवा. ए-फोर पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं की सुमारे २६ एमबीचं होतं, पण त्यातला कागदाचा खरखरीतपणा आणि डाग कुठल्याही प्रोग्रामला फारसे दाबता येत नाहीत. डेटाबेसचा डंप मात्र हमखास आटतो.

मग डिस्क तपासा. असे हजार स्कॅन म्हणजे २६ जीबी. यूएसबीवरची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला ११० एमबी वाचत असेल, तर नुसतं वाचायलाच चार मिनिटं लागतात. सोळा कोअर लावले तरी काम त्याआधी संपणार नाही. नारळ खवायला आठ जण बसवले आणि सोलणारा एकच ठेवला, तर दुसरं काय होणार? मूळ डेटा एसएसडीवर घ्या आणि तयार होणारी फाइल दुसऱ्या डिस्कवर लिहा.

प्रोग्राम निवडायला फार विचार लागत नाही. समोरच्याकडे काय आहे याची खात्री नसेल तर पिगझ, कारण त्याची फाइल साधं जीझिपही उघडतं. रोजच्या बॅकअपला झेडस्टँडर्ड. वर्षानुवर्षं ठेवायच्या गोष्टींना एक्सझेड. विंडोजवर सेव्हन-झिप, पण पद्धत एलझेडएमए-२ निवडा. नुसतं एलझेडएमए दोनच थ्रेड वापरतं. सेव्हन-झिपच्या खिडकीत किती रॅम लागेल तो आकडा दिसतो. ओके दाबण्यापूर्वी तो वाचायला कुणाची हरकत नसावी.

आता ब्लॉकचा आकार. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

हे सगळे प्रोग्राम मागे येऊन गेलेल्या मजकुराकडे बोट दाखवून जागा वाचवतात. ‘हीच ओळ अमुक बाइट मागे आहे, तिथून घे’ एवढंच लिहितात. हे काम मुळात एकामागून एक चालणारं आहे. ते एकाच वेळी आठ कोअरवर करायचं तर फाइलचे तुकडे करावे लागतात, आणि तुकडा तुटला की त्याला मागचं काही आठवत नाही. ही तूट प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीने भरून काढतो. पिगझ १२८ केबीचे ब्लॉक करतं, पण प्रत्येक ब्लॉकला आधीच्या ब्लॉकचे शेवटचे ३२ केबी सोबत देतं. जीझिपची नजर मुळातच ३२ केबीपलीकडे पोचत नाही, म्हणून तोटा जवळजवळ शून्य. बीझिप-२ या आणखी एका प्रोग्रामचे ब्लॉक पहिल्यापासूनच ९०० केबीपर्यंतचे आणि स्वतंत्र, त्यामुळे तिथे काही गमावण्याचा प्रश्नच नाही. झेडस्टँडर्ड शेजारच्या तुकड्यांत थोडा भाग सामायिक ठेवतं. एक्सझेड असलं काही करत नाही. त्याचा प्रत्येक ब्लॉक कोऱ्या पाटीवर सुरू होतो, म्हणून ब्लॉक मोठा हवा. आणि ब्लॉक मोठा झाला की रॅम जाते.

‘डॅश ९ लावा, सगळ्यात लहान फाइल मिळेल’ हा दुसरा लाडका सल्ला. दाबण्याच्या या पातळीला एक्सझेडची डिक्शनरी (मागचा किती मजकूर लक्षात ठेवायचा ती मर्यादा) ६४ एमबीची असते आणि अनेक थ्रेडवर चालताना ब्लॉक तिच्या तिप्पट, म्हणजे १९२ एमबीचा. तुमचा डंप ४०० एमबीचा असेल तर तुकडे पडणार तीन: दोन पूर्ण, आणि तिसरा १६ एमबीचा शेपटाएवढा. थ्रेड आठ मागा नाहीतर ऐंशी, राबणार दोनच. उलट डंप मोठा असेल तर आठही थ्रेड कामाला लागतात, आणि प्रत्येकाला एक जीबीहून जास्त रॅम लागते. आठ जीबीचा संगणक तिथेच स्वॅपवर जातो, म्हणजे रॅम संपून डिस्कच रॅमसारखी वापरू लागतो, आणि एका थ्रेडपेक्षाही हळू चालतो.

त्याच ४०० एमबीला डॅश ६ लावून पाहा. डिक्शनरी ८ एमबी, ब्लॉक २४ एमबी, म्हणजे तुकडे सतरा. आठही कोअर कामात, आणि रॅम थ्रेडमागे साधारण दीडशे ते पावणेदोनशे एमबी.

ब्लॉकचा हिशेब असा करा: फाइलचा आकार भागिले थ्रेडच्या संख्येची चौपट. थ्रेड चार आणि डंप तीन जीबीचा असेल तर ब्लॉक १९२ एमबी येतो, म्हणजे डॅश ९ चा स्वतःचाच. रॅम पुरत असेल तर खुशाल वापरा. चौपट कशासाठी? शेवटचा ब्लॉक चालू असताना बाकीचे कोअर हात बांधून बसतात. तुकडे जास्त असले की हा वेळ कमी होतो. पण ब्लॉक डिक्शनरीपेक्षा लहान कधीही करू नका. डिक्शनरीसाठी रॅम घेतली जाते आणि ती भरतच नाही. तसा आकार येत असेल तर पातळी खाली आणा. ‘आणखी समांतर’ करायचं म्हणून एक एमबीचे ब्लॉक पाडणारेही असतात. त्यांची फाइल तेवढी फुगते, वेग वाढत नाही, कारण कोअर आधीच भरलेले असतात.

थ्रेडचा आकडा आता ठरवा. फिजिकल म्हणजे खरे कोअर मोजा, लॉजिकल म्हणजे एकाचे दोन करून दाखवलेले नव्हे; चार कोअर आठ थ्रेडच्या लॅपटॉपवर पाचव्या थ्रेडपासून मिळणारा फायदा किरकोळ असतो आणि रॅम मात्र पूर्ण लागते. मे महिन्यात पणजीत एसीशिवाय लॅपटॉप चालवत असाल तर आणखी एक कमी करा, नाहीतर तापून प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. एक्सझेडला रॅमची मर्यादा घालून दिली की ते थ्रेड आपणहून कमी करतं. ही सोय वापरा.

एक्सझेडमध्ये थ्रेडसाठी टी कॅपिटल लागतो. स्मॉल टी म्हणजे तपासणी. डॅश स्मॉल टी ८ टाइप केलंत तर प्रोग्राम तुमच्या टार फाइलला (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याला) एक्सझेड फाइल समजून तपासायला जातो आणि फाइलचा प्रकार ओळखता येत नाही म्हणून थांबतो. पिगझमध्ये हेच काम डॅश पी करतं.

मूळ फाइल राखायची तर डॅश के विसरू नका. एक्सझेड आणि पिगझ काम संपताच मूळ फाइल पुसून टाकतात, झेडस्टँडर्ड ठेवतं. आषाढातल्या पावसात यूपीएसशिवाय तासाभराचं काम सुरू करू नका. वीज गेली तर अर्धवट फाइल फेकून पुन्हा पहिल्यापासून.

फाइल उघडताना सगळे कोअर लागतीलच असं नाही. पिगझची फाइल मुख्यतः एकाच थ्रेडवर उघडते, झेडस्टँडर्डचीही, पण ते मुळातच चपळ आहे. एक्सझेड ५.४ पासून अनेक थ्रेडवर उघडतं, तेही फाइल अनेक थ्रेडवर, म्हणजे ब्लॉक पाडून, बनवलेली असेल तरच. आवृत्ती बघून घ्या: ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मार्च २०२४ ला चोरदरवाजा सापडला होता, त्या ठेवू नका.

पडताळणीसाठी दाबलेल्या फाइलींचे हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले ठसे) एकमेकांशी ताडू नका. पातळी किंवा ब्लॉक बदलला की ते बदलतात. मूळ फाइलींचे एसएचए-२५६ हॅश आधी काढून ठेवा, दाबलेली फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडा आणि तिथे ताडा. मूळ डेटा त्यानंतरच पुसा.

झेडस्टँडर्डला लाँग पर्याय (किती मागपर्यंत पाहायचं ते ठरवणारा आकडा) २७ च्या वर दिला असेल, तर उघडणाऱ्यालाही तोच आकडा द्यावा लागतो, नाहीतर ते नकार देतं. डिस्क काणकोणला दुसऱ्या कुणाकडे ठेवायला देणार असाल तर प्रोग्रामचं नाव, आवृत्ती आणि हा आकडा डिस्कच्या लेबलवर लिहा, आणि हॅशची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, न दाबता, शेजारीच ठेवा.