लोकलच्या जुन्या स्टेशनचं वय कसं काढायचं

संगमरवरी पाटी दिसली की काम झालं असं समजू नका. मुंबईच्या स्टेशनांवर अशी पाटी बहुधा नव्या पुलाची नाहीतर सरकत्या जिन्याची असते. जुना काळ शोधायचा तर खांब, छत आणि नावाचा बोर्ड बघायचा.

रविवारी सकाळी सातच्या आत पोचा. मेगाब्लॉक लागला, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या थांबवल्या, की उभं राहायला जागा मिळत नाही. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, एका स्टेशनाला तेवढं पुरे. सोबत टॉर्च, पातळ कागद, मऊ पेन्सिल. रुळांत उतरायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि बघण्यासारखं सगळं वरच आहे.

सुरुवात प्लॅटफॉर्मच्या मधून करा. गाड्या आधी नऊ, मग बारा, आता काही पंधरा डब्यांच्या झाल्या, तसे प्लॅटफॉर्म टोकांकडे वाढत गेले. त्यामुळे जुनं छत साधारण मध्ये सापडतं. एका बाजूला रस्ता किंवा पूल आडवा आला असेल तर वाढ एकाच टोकाला झालेली असते, मग मधला भाग फसवतो. खांबांमधलं अंतर किंवा खांबांची जात जिथे बदलते, तिथे जोड आहे.

आता खांब. पुष्कळ ठिकाणी ते जुन्या रुळांचेच असतात. रुळाच्या उभ्या पट्टीवर टॉर्च तिरका धरा, समोरून नको. रंगाच्या थरांखालची उठावाची अक्षरं सावलीमुळे वर येतात. तरी लागली नाहीत तर नाण्यावर घासतो तसा कागद ठेवून पेन्सिल घासा. रंग खरवडू नका. मिळतं ते असं: कारखान्याचं नाव, साल, वजन. ‘९० आर’ म्हणजे यार्डाला ९० पौंड.

इथेच सगळ्यांची चूक होते. ते साल रूळ लाटल्याचं. त्यावरून वर्षानुवर्षं गाड्या गेल्या, झिजला, मग खांब झाला. म्हणून छत त्या सालाच्या आधीचं नाही, एवढंच पक्कं.

बिडाच्या खांबावर ओतशाळेचं नाव असलं तर ते बहुतेक तळाशी असतं, आणि नेमकं तेच अर्धं गाडलेलं असतं, कारण गाडी आणि फलाटामधली फट धोक्याची ठरल्यावर फलाट ९०० मिलिमीटरपर्यंत उचलले गेले. पुलाच्या जिन्याजवळ किंवा ऑफिसच्या बाजूला, जिथे भर पडली नाही, तिथला खांब शोधा.

ब्रॅकेटवर, म्हणजे छत तोलणाऱ्या खांबावरच्या लोखंडी कमानीवर, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) किंवा बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या जुन्या रेल्वे कंपन्यांची अक्षरं असतील तर तो ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा. त्या दिवशी त्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. बाकावरची अक्षरं मात्र धरू नका. बाक या स्टेशनातून त्या स्टेशनात जातात.

बोर्डावरचं नाव आणि स्टेशनचा रेल्वेतला कोडही बघा. कुर्ल्याचं इंग्रजी स्पेलिंग आज ‘के’ने सुरू होतं, पण कोड आहे सीएलए. हा ‘सी’ जुन्या ‘सी-ओ-ओ-आर-एल-ए’चा. जुन्या कागदांत शोधताना तेच स्पेलिंग घ्या. तसंच प्रभादेवी २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. पश्चिम मार्गाच्या १९३० पर्यंतच्या वेळापत्रकातली अंतरं जास्त वाटली तर ती छपाईची चूक नव्हे: तेव्हा गाड्या चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जात.

वहीत एकच साल लिहू नका, दोन बाजू लिहा. समजा रुळावर १८९६ आहे आणि त्याच खांबाला बसवलेल्या ब्रॅकेटवर जीआयपी: मग नोंद ‘१८९६ नंतर, बहुधा १९५१ आधी’. ‘बहुधा’ अशासाठी की ब्रॅकेटही दुसरीकडून काढून आणलेला असू शकतो. तो ओळीतल्या सगळ्या खांबांना सारखाच असेल, भोकं नेमकी जुळत असतील आणि नवं वेल्डिंग दिसत नसेल, तर ‘बहुधा’ खोडा.