मुलांच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजायचं असेल तर

पॅथॉलॉजीचं शिक्षण संपत आलं की रेसिडेंट विचारतात, "मॅडम, मुलांच्या हॉस्पिटलात काम करायचंय, संशोधनही करायचंय. सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: ग्रॉसिंगच्या टेबलापासून, म्हणजे काढलेला अवयव नुसत्या डोळ्यांनी बघून, कापून तपासणीचे तुकडे निवडतात तिथून. पेपरचं नंतर बघू.

मुलांमध्ये कार्सिनोमा, म्हणजे त्वचा किंवा अवयवांच्या अस्तरातून होणारा कर्करोग, क्वचितच दिसतो. दिसतात त्या भ्रूणातल्या पेशींशी नातं सांगणाऱ्या गाठी, म्हणजे न्यूरोब्लास्टोमा (अपरिपक्व चेतापेशींची), विल्म्स (मूत्रपिंडाची), हेपॅटोब्लास्टोमा (यकृताची). शिवाय जन्मजात दोष, चयापचयाचे आजार, वारेची तपासणी आणि शवविच्छेदनं. आधी सर्वसाधारण सर्जिकल पॅथॉलॉजीत हात बसू द्या, मग बालपॅथॉलॉजीची फेलोशिप घ्या. ती निवडताना हॉस्पिटलच्या नावाला भुलू नका. बालशस्त्रक्रिया किती होतात, नवजात बाळांची शवविच्छेदनं होतात का आणि फ्रोझन (शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली तपासणी) कोण पाहतं, एवढं विचारा. फेलोला फ्रोझनपासून लांब ठेवत असतील तर दुसरीकडे अर्ज करा.

पहिल्या वर्षी हिर्शस्प्रुंग घोटून घ्या. या आजारात आतड्याच्या खालच्या भागात गँग्लिऑन पेशी (आतड्याची हालचाल चालवणाऱ्या चेतापेशी) नसतात, म्हणजे आपल्याला 'नाही' हे सिद्ध करायचं असतं, तेही जेमतेम तीन मिलिमीटरच्या सक्शन बायोप्सीवर. आधी सबम्युकोसा (म्युकोसा या आतल्या अस्तराखालचा थर) पुरेसा आहे का ते बघा; साधारण एक तृतीयांश तरी हवा. तुकडा गुदद्वाराच्या फार जवळून घेतला असेल तर तिथे पेशी मुळातच विरळ असतात. ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) खोलवर कापून घ्या, दोनचार लेव्हलवर भागत नाही. नवजात बाळाच्या गँग्लिऑन पेशी लहान, अपरिपक्व असतात, पुस्तकातल्या चित्रासारख्या दिसत नाहीत. कॅलरेटिनिन हे चेतातंतूंतलं प्रथिन दाखवणारी रंगचाचणी लावा, म्युकोसातले बारीक चेतातंतू रंगले नाहीत तर संशय बळावतो. आणि नमुना अपुरा असेल तर 'अपुरा' असंच लिहा. सर्जन कुरकुर करतील, करू द्यात.

पुल-थ्रूच्या (आजारी आतडं काढून निरोगी भाग खाली जोडण्याच्या शस्त्रक्रियेच्या) वेळी फ्रोझनमध्ये एका कडेला गँग्लिऑन दिसले म्हणून फोन करायची घाई नको. निरोगी आणि आजारी भागांमधली सीमा वाकडीतिकडी असते. जोडायच्या टोकाची अख्खी गोल चकती मागा. सगळीकडे गँग्लिऑन आहेत पण नसा जाड दिसतात, असं असेल तर फोनवर सरळ सांगा, "अजून वर जा."

विल्म्सच्या मूत्रपिंडाला कापण्याआधी वजन, फोटो आणि बाहेरून शाई. आवरण सोलायचं नाही. गाठ आवरणाबाहेर गेली आहे की नाही यावर स्टेज ठरते आणि रेडिएशनचा निर्णय स्टेजवर असतो. थिएटरमध्येच गाठ उघडून बघायची हौस काही सर्जनना असते. ती गोड बोलून मोडायची. गाठीच्या दर सेंटीमीटरला निदान एक ब्लॉक घ्या आणि ताजा तुकडा गोठवून ठेवा.

आता संशोधन. विषय शोधत फिरू नका, तो रोजच्या स्लाइडमध्येच असतो. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये डोरोथी अँडरसन या पॅथॉलॉजिस्ट होत्या. सीलिअॅक हा आतड्याचा आजार आहे असं समजल्या गेलेल्या एका मुलाच्या शवविच्छेदनात त्यांना स्वादुपिंड वेगळंच दिसलं. मग त्यांनी तशा केसेस धुंडाळल्या आणि 1938 साली सिस्टिक फायब्रोसिसचं (घट्ट स्रावामुळे स्वादुपिंड आणि फुप्फुसं बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं) सविस्तर वर्णन छापलं. तुम्हीही वही ठेवा. ज्या केसचा रिपोर्ट गेला पण मनात खटका राहिला ती तिच्यात उतरवा, ब्लॉकच्या नंबरासकट. वर्षाअखेरीस वही चाळलीत की कुठे तरी सारखेपणा दिसतोच. मात्र एका हॉस्पिटलात दुर्मिळ केसेस पुरत नाहीत, तेव्हा बहुकेंद्री अभ्यासगटात लवकर शिरा, भले सुरुवातीला नुसत्या स्लाइड पाठवायचं काम मिळो. अभ्यासासाठी ब्लॉक कापताना निदानापुरता ऊतक शिल्लक राहिलाच पाहिजे, आणि पालकांची संमती तपासल्याशिवाय हात लावायचा नाही.

रेसिडेंटना शिकवताना वयापासून सुरुवात करा. 1984 साली पॅथॉलॉजिस्ट शिमादांनी न्यूरोब्लास्टोमाच्या वर्गीकरणात वय आणलं ते उगाच नाही. फारशी परिपक्वता नसलेली, मायटोसिस-कॅरिओऱ्हेक्सिस निर्देशांक (विभागणाऱ्या आणि मोडणाऱ्या पेशींचं प्रमाण) कमी असलेली गाठ दीड वर्षाच्या आत अनुकूल गटात जाते. तीच गाठ चार वर्षांच्या मुलात प्रतिकूल ठरते. मी तर जन्मतारीख न वाचता स्लाइड लावणाऱ्याला परत पाठवते.

नोकरीचं बोलणं चालू असतानाच संशोधनाचा वेळ लेखी घ्या, आणि त्या दिवशी फ्रोझनचा फोन कोण उचलणार तेही त्याच कागदावर लिहून घ्या. 'बघू, सांभाळून घेऊ' असं म्हणणाऱ्या विभागात तो दिवस महिन्याभरात साइन-आउटमध्ये (रिपोर्ट तपासून सही करण्याच्या कामात) जातो. ऊतकपेढी आणि तंत्रज्ञ यांचंही तेव्हाच विचारा; एकदा रुजू झालात की मागण्यांना कोणी भाव देत नाही.