‘ऑक्युपेशन’ दिसलं की आधी कागद कुठला ते बघा

बडोद्यात बँकेच्या फॉर्मवरचं ‘ऑक्युपेशन’ म्हणजे तुमचा कामधंदा. गुजराती फॉर्मवर तिथे ‘व्यवसाय’ छापलेलं असतं. आपल्याला व्यवसाय म्हटलं की दुकान नाहीतर कारखाना आठवतो, म्हणून दांडिया बाजारातले निवृत्त काका रकाना कोराच सोडतात. सोडू नका, निवृत्त, गृहिणी, विद्यार्थी, सगळं चालतं.

विम्याच्या अर्जात मात्र नुसतं ‘नोकरी’ लिहून भागत नाही. अपघात विम्याचा हप्ता कामातल्या जोखमीवर ठरतो. यंत्रावर काम करत असाल तर तसंच लिहा, काम बदललं तर कळवा.

घराच्या कागदांत हाच शब्द प्रत्यक्ष राहण्या-वापरण्याबद्दल असतो. मालकी वेगळी, भाडेकरूही ‘ऑक्युपंट’च! नवा फ्लॅट घेताना पुण्याचे पाहुणे हमखास विचारतील, ‘ओसी मिळाली का?’ ओसी म्हणजे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, इमारत राहायला-वापरायला हरकत नसल्याचा सरकारी दाखला. गुजरातेत तिला ‘बीयू (बिल्डिंग यूज) परमिशन’ म्हणतात. बिल्डरकडे त्याच नावाने मागा, आणि हातात किल्ली दिली म्हणून गप्प बसू नका.

प्राप्तिकराच्या विवरणपत्रातलं ‘सेल्फ-ऑक्युपाइड’ म्हणजे भाड्याने न दिलेलं स्वतःचं घर. अशी दोन घरं दाखवता येतात. जुन्या करपद्धतीत दोन्हींच्या गृहकर्जाच्या व्याजावर मिळून वर्षाला जास्तीत जास्त २ लाख रुपयांची वजावट मिळते, नव्या पद्धतीत राहत्या घराला ती नाही. तेव्हा पद्धत निवडण्याआधी बँकेकडून व्याजाचा दाखला मागवून घ्या.