कॉर्डलेस टूलचा चार्जर कायम प्लगलाच असतो? या चुका टाळा

काम आटोपलं, ड्रिलची बॅटरी चार्जरला लावली, हिरवा दिवा लागला. त्यानंतर चार्जर तसाच राहतो, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, कधी पुढच्या कामापर्यंत. तो वीज खातो का असं विचारलं, तर कुणी म्हणतं, "छे, काहीच नाही." कुणी वाढलेल्या बिलाचं खापर त्याच्यावरच फोडतं. दोघांनीही मोजलेलं नसतं.

पहिली गफलत लेबलवरच्या आकड्यामुळे होते. चार्जरच्या पाठीवर ८० किंवा १०० वॅट लिहिलेले दिसले की तो दिवसभर तेवढे ओढतो असं वाटतं. तो आकडा रिकामी बॅटरी जोरात भरली जात असतानाचा आहे. बॅटरी काढून घेतली की आजकालचा हलका चार्जर साधारण एक वॅटच्या आत येतो.

एक वॅट म्हणजे काहीच नाही, असं मात्र समजू नका. सतत १ वॅट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. आता १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. तिच्यात ७२ वॅट-अवर मावतात. चार्ज होताना वाया जाणारी वीज धरली तरी एकदा पूर्ण भरायला युनिटचा जेमतेम दहावा भाग लागतो. म्हणजे महिन्यातून एकदाच ड्रिल हातात घेणाऱ्याचा १ वॅटचा चार्जर महिन्याभरात नुसता बसल्या बसल्या सात-आठ चार्जिंगची वीज खातो. बिलात हे जाणवणार नाही, पण ड्रिलच्या कामापेक्षा कितीतरी जास्त वीज निव्वळ वाट पाहण्यात जाते, हे मला खटकतं.

जुन्या, जड चार्जरची गोष्ट वेगळी. त्यात लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असतो. बॅटरी असो वा नसो, प्लगमध्ये आहे तोवर गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला कित्येकदा उलटसुलट होत राहतं आणि त्याची उष्णता होते. असा चार्जर रिकामा असतानाही दोन-तीन वॅट सहज घेतो.

माझ्या फळीवर चार चार्जर ओळीने लावलेले होते. रात्रभर कुठल्याच चार्जरवर बॅटरी नव्हती. सकाळी चारींवर हाताची मागची बाजू टेकवून पाहिली. तीन फळीइतकेच गार होते. चौथा, जुन्या निकेल-कॅडमियम स्क्रू ड्रायव्हरचा, चांगला कोमट. त्याच्यावर साचलेला लाकडाचा भुसा चिमटीत घेतला, तर तोही कोमट लागला. त्या स्क्रू ड्रायव्हरला मी सहा महिन्यांत हात लावला नव्हता. मीटर नसेल तर ही हाताची परीक्षा आधी करा, आणि भुसा तिथून झाडून टाका. उबदार वस्तूवर तो साचू देणं धोक्याचंच.

बॅटरी चार्जरवरच ठेवणे

रिकाम्या चार्जरपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. निकेलच्या बॅटऱ्यांचे बरेच जुने चार्जर बॅटरी भरल्यानंतरही थोडा थोडा करंट सोडत राहतात. तो साठायला जागा नसते, म्हणून त्याची उष्णता होते आणि बॅटरी आतून सुकत जाते. लिथियमचा चार्जर भरल्यावर थांबतो, पण अनेक चार्जर बॅटरी बसवलेली असेपर्यंत जागे राहतात, व्होल्टेज तपासतात, मधूनच टॉप-अप करतात. त्यात थोडी वीज जाते. शिवाय लिथियमची बॅटरी काठोकाठ भरून उबेत ठेवली की लवकर म्हातारी होते. महिनाभर लागणार नसेल तर अर्धी भरलेली, चार्जरवरून काढून, गार जागी ठेवा.

याच्या उलटी चूक वीज वाचवणाऱ्यांकडून होते. बोर्डाचं बटण बंद करतात, बॅटरी मात्र चार्जरमध्येच. काही चार्जर अशा वेळी बॅटरीतूनच थोडा थोडा करंट खेचतात. काही आठवड्यांनी बॅटरी पार उतरते, आतल्या सेलचं व्होल्टेज फार खाली गेलं की चार्जर तिला घेतच नाही, लाल दिवा नुसता लुकलुकतो, आणि आपण बॅटरी खराब निघाली म्हणतो. म्हणून आधी बॅटरी काढा, मग बटण बंद करा.

ग्राइंडरवरून काढलेली तापलेली बॅटरी लगेच लावली तरी दिवा लुकलुकतो आणि पंखा असेल तर तो फिरत राहतो. हा बिघाड नाही. चार्जर ती निवण्याची वाट पाहतो आहे. अर्धा तास बाजूला ठेवा.

मोजतानाची चूक

क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखं बसवून करंट मोजणाऱ्या मीटरने, ०.०५ अँपिअर दिसले, २३० ने गुणले, साडेअकरा वॅट आले. इथेच फसगत होते. हे साडेअकरा व्होल्ट-अँपिअर झाले. रिकाम्या चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे या व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती याचं प्रमाण, फार कमी असतो, त्यामुळे खरे वॅट बरेच कमी असतात, आणि घरातलं मीटर खरे वॅटच मोजतं. सॉकेटमध्ये लावायचं साधं वॅटमीटरही इतक्या खाली अडखळतं, कधी शून्य दाखवतं. सगळे चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा आणि वॅटमीटरवर चोवीस तासांचा एकत्र आकडा घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करता येत असेल तर मुख्य मीटरचा लुकलुकणारा दिवा पाहा. मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक असं लिहिलं असेल, तर १ वॅटला साधारण १९ मिनिटांत एकदा दिवा लागतो. तीन मिनिटांत एकदा लागला तर सहा वॅटच्या आसपास जात आहेत.

रोज प्लग उपसत बसू नका, सॉकेट सैल होतं. माझे तीन चार्जर आता बटणाच्या एका बोर्डवर आहेत आणि ते बटण दाराजवळ, दिव्याच्या बटणाला लागून. चौथ्याची वायर गुंडाळून तो मी स्क्रू ड्रायव्हरच्या पेटीत ठेवला आहे.